एंटोग्नाथा: ओळख आणि वर्गीकरण

सहा पाय आहेत पण आजकाल बहुतेक अभ्यासक ज्यांना कीटकांत धरत नाहीत, अशा तीन गटांचं मिळून हे नाव: स्प्रिंगटेल म्हणजे कोलेंबोला, प्रोट्युरा आणि डिप्ल्युरा. पंख तिघांनाही नाहीत. जबडे डोक्याच्या आत एका खिशात दडलेले असतात, फार तर टोकं बाहेर येतात. कीटकांचे जबडे बाहेर उघडे असतात. राहायला माती, पालापाचोळा, शेवाळ, गुहा. आकार बहुतेकांचा 5 मिमीच्या आत, ऑस्ट्रेलियातला हेटेरोजॅपिक्स मात्र 50 मिमीपर्यंत जातो. स्प्रिंगटेलच्या वर्णन झालेल्या जाती 9,000 च्या आसपास, बाकी दोघांच्या प्रत्येकी हजाराच्या आत-बाहेर.

गट ओळखणं तसं अवघड नाही. स्प्रिंगटेलच्या पोटाचे सहाच खंड, पहिल्या खंडाखाली एक आखूड नळी आणि मागे दुमडलेला उडीचा दांडा. पण खोल मातीतल्या बऱ्याच जातींत हा दांडा नाहीसा झालाय, त्यामुळे उडी मारत नाही म्हणजे स्प्रिंगटेल नाही असं समजू नये, नळी बघावी. डिप्ल्युराला डोळे नसतात, मिशा मण्यांच्या माळेसारख्या, आणि मागे कँपोडिडी कुळात दोन लांब शेपट्या तर जॅपिजिडी कुळात चिमटा. हा चिमटा बघून लोक इअरविग (मागे तसाच चिमटा असलेला कीटक) समजतात. इअरविगचं पाऊल तीन तुकड्यांचं असतं, जॅपिजिडचं एकसंध, तेवढं पाहिलं की प्रश्न मिटतो.

प्रोट्युरा सगळ्यात उशिरा सापडला. 1907 मध्ये इटलीच्या सिल्वेस्त्रीने पहिलं वर्णन केलं, पाठोपाठ बर्लेसेने गटाला वेगळंच नाव सुचवलं पण ते टिकलं नाही. याला डोळे नाहीत नि मिशाही नाहीत, पुढचे दोन पाय वर उचलून चालतो आणि मिशांचं काम त्यांच्याकडूनच करून घेतो. जात ठरते ती याच पायाच्या पावलावरून: त्यावरचे संवेदी केस कुठे आहेत, किती लांब आहेत, टोकाला जाड होतात का, हे फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली एकेक करून बघावं लागतं. त्यात अंड्यातून बाहेर येताना पोटाचे 9 खंड असतात आणि कात टाकता टाकता 12 होतात, म्हणून अर्धवट वाढलेल्या नमुन्यावर जातीचं नाव न टाकलेलंच बरं.

मातीतले नमुने बर्लेसेच्या फनेलने (1905) काढतात. त्याने फनेल गरम पाण्याने तापवला होता, बल्ब लावायची सोय टुलग्रेनची. माती वरून सुकत जाते तसे प्राणी खाली सरकतात आणि अल्कोहोलमध्ये पडतात. गुहेत ब्रश आणि आमिष. पुढे लॅक्टिक ॲसिडमध्ये पारदर्शक करून स्लाइड बनवायची, कारण स्प्रिंगटेलच्या जातीही शेवटी केसांच्या मांडणीवरच येऊन थांबतात.

गुहेतल्या नमुन्यांत एक गफलत नेहमी होते. पांढरा रंग आणि डोळे नसणं हा गुहेचा पुरावा नाही, खोल मातीतलेही तसेच असतात. फरक अवयवांच्या लांबीत आहे. गिसिनने 1943 मध्ये राहण्याच्या थरानुसार स्प्रिंगटेलचे प्रकार पाडले, त्यात खोल मातीवाल्यांचे पाय-मिशा आखूड. गुहेत पक्के रुळलेल्यांचे उलट लांबलचक, कित्येकदा नख्याही लांब. क्रुबेरा-व्होरोन्या गुहेत सुमारे 1,980 मीटर खोलीवर सापडलेल्या प्लुटोम्युरस ऑर्टोबलागानेन्सिस या स्प्रिंगटेलचं वर्णन 2012 मध्ये झालं.

आता मुख्य भांडण, म्हणजे हे तिघं खरंच एका घरचे का. हेनिगने 1953 मध्ये आतल्या जबड्यांवरून तिघांना एकत्र बांधलं आणि त्यात स्प्रिंगटेल-प्रोट्युरा जास्त जवळचे मानले. 2003 मध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या जीन्सवरून असं मांडलं गेलं की स्प्रिंगटेलची फांदी कीटक आणि बरेचसे क्रस्टेशियन (खेकडे-कोळंबीचा गट) वेगळे व्हायच्याही आधीची आहे, पण विश्लेषणाच्या पद्धतीवर लगेच आक्षेप आले आणि हे मत मागे पडलं. 2005 मध्ये रायबोसोमच्या आरएनए जीन्सवरून प्रोट्युरा आणि डिप्ल्युरा यांची जोडी पुढे आली. 2014 च्या 1,478 जीन्सच्या मोठ्या अभ्यासात परत स्प्रिंगटेल-प्रोट्युरा एकत्र आले नि डिप्ल्युरा कीटकांच्या शेजारी गेला. हे शेवटचं मत जास्त पटण्यासारखं वाटतं, पण तसं असेल तर आत दडलेले जबडे दोनदा वेगवेगळे तयार झाले किंवा कीटकांच्या पूर्वजांत परत बाहेर आले, असं काहीतरी मानावं लागतं, आणि मग एंटोग्नाथा हा नैसर्गिक गट उरत नाही. डिप्ल्युरा तरी एकसंध आहे का यावरही वाद झालाय, कारण जॅपिजिडीत अंडाशय खंडाखंडात विभागलेलं असतं नि कँपोडिडीत तसं नसतं.

जीवाश्मांची मदत तुटपुंजी. स्कॉटलंडच्या ऱ्हायनी दगडातला ऱ्हायनिएला (वर्णन 1926) साधारण 40 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो स्प्रिंगटेल आहे यावर आता एकमत दिसतं. म्हणजे फाटाफूट त्याच्याही आधीची.

जातींच्या पातळीवर डीएनए बारकोडने (ठरावीक जीनचा तुकडा वाचून जात ओळखायची पद्धत) गोंधळ वाढवलाच. पॅरिसोटोमा नोटाबिलिस ही सगळीकडे सापडणारी एकच जात समजत होते, तिच्यात जनुकीय दृष्ट्या बऱ्याच वेगळ्या शाखा निघाल्या, केसांवरून मात्र त्या वेगळ्या काढता येत नाहीत. यातल्या कोणत्या शाखेला जुनं नाव द्यायचं हे मूळ नमुन्यावरून ठरायला हवं, पण असे जुने नमुने बहुधा स्लाइडवर चिकटवलेले असतात आणि त्यातून डीएनए मिळणं कठीण.