हिरवे पक्ष: धरणविरोधापासून तळघरातल्या बॉयलरपर्यंत

मे २०२५मध्ये झालेल्या ऑस्ट्रेलियाच्या निवडणुकीत तेथील ग्रीन्स पक्षाला प्रतिनिधिगृहासाठी पहिल्या पसंतीची सुमारे १२.२ टक्के मते मिळाली. तीन वर्षांपूर्वीही त्यांचा मतटक्का जवळजवळ एवढाच होता. तेव्हा मात्र त्यांचे चार उमेदवार निवडून आले होते आणि या वेळी एकच आला. पक्षाचे नेते अ‍ॅडम बँड यांनाही २०१०पासून राखलेली मेलबर्नची जागा गमवावी लागली. त्याआधी जुलै २०२४मध्ये ब्रिटनमधील हिरव्यांनी एका जागेवरून चार जागांवर मजल मारली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयर्लंडमधील हिरवे बारा जागांवरून एका जागेवर आले. युरोपीय संसदेत हिरवे आणि त्यांचे मित्रपक्ष यांच्या गटाचे बळ २०१९च्या ७४ जागांवरून २०२४मध्ये ५३ जागांपर्यंत उतरले, तर जर्मनीत फेब्रुवारी २०२५मध्ये पक्षाला ११.६ टक्के मते मिळून तो सत्तेबाहेर गेला. या सगळ्याला संमिश्र कौल म्हणून मोकळे होता येते. पण पन्नास वर्षांचा इतिहास समोर ठेवला तर या चढउतारांमागे एक जुनीच खूण दिसते. काहीतरी थांबवायचे असते तेव्हा लोक हिरव्यांना मते देतात, आणि त्यांचे धोरण पेट्रोलच्या टाकीत, जेवणाच्या ताटात किंवा घराच्या तळघरात शिरू लागले की तीच मते आटतात.

या राजकारणाची सुरुवातच एका नकारातून झाली. टास्मानिया बेटाच्या नैर्ऋत्य भागातील लेक पेडर हे सरोवर जलविद्युत प्रकल्पाच्या पाण्याखाली जाणार होते. ते वाचवण्यासाठी २३ मार्च १९७२ रोजी होबार्टच्या टाउन हॉलमध्ये झालेल्या सभेतून ‘युनायटेड टास्मानिया ग्रुप’ उभा राहिला आणि जगातील पहिला हरित पक्ष म्हणून साधारणपणे त्याचाच उल्लेख होतो. त्याला एकही जागा मिळाली नाही आणि सरोवरही वाचले नाही. दोनच महिन्यांनी न्यूझीलंडमध्ये ‘व्हॅल्यूज पार्टी’ स्थापन झाली. १९७५च्या निवडणुकीत तिने पाच टक्क्यांहून अधिक मते मिळवली, पण तेथील तत्कालीन मतदानपद्धतीत त्यांचे मोल शून्य जागा एवढेच ठरले. टास्मानियातील पुढच्या लढ्याला मात्र यश आले. फ्रँकलिन नदीवरील धरणाच्या विरोधात १९८२च्या अखेरीस नाकेबंदी सुरू झाली, त्यात अटक झालेले डॉक्टर बॉब ब्राउन जानेवारी १९८३मध्ये तुरुंगातून सुटले आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या संसदेचे सदस्य झाले. त्या वर्षी जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निकालाने धरण थांबवण्याचा केंद्र सरकारचा अधिकार मान्य केला.

फ्रान्समध्ये १९७४च्या अध्यक्षीय निवडणुकीत कृषिशास्त्रज्ञ रने द्यूमाँ उभे होते. लाल स्वेटर घातलेल्या या वयस्कर उमेदवाराने दूरचित्रवाणीवरील भाषणात पाण्याचा पेला उचलून हे पाणी लवकरच दुर्मीळ होईल असे सांगितले आणि ते पिऊन टाकले. त्यांना जेमतेम १.३ टक्के मते मिळाली. तो पेला मात्र फ्रान्सच्या राजकीय स्मृतीत राहिला.

खरा पाया घातला गेला तो पश्चिम जर्मनीत. १९७५च्या फेब्रुवारीत व्हील या गावाजवळच्या नियोजित अणुवीज केंद्राची जागा द्राक्षबागाईतदार, शेतकरी आणि जवळच्या फ्रायबुर्गमधील विद्यार्थी यांनी ताब्यात घेतली, आणि ते केंद्र कधीच उभे राहिले नाही. अशा स्थानिक लढ्यांतून तयार झालेली माणसे १३ जानेवारी १९८० रोजी कार्ल्सरूह येथे एकत्र आली आणि ‘डी ग्रूनेन’ म्हणजे ‘हिरवे’ हा पक्ष स्थापन झाला. त्यात अण्वस्त्रविरोधक होते, स्त्रीवादी होते, डाव्या गटांतून आलेले तरुण होते आणि हेर्बर्ट ग्रूल यांच्यासारखे ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष सोडून आलेले परंपरावादीही होते. पर्यावरण, सामाजिक न्याय, तळापासूनची लोकशाही आणि अहिंसा हे चार खांब ठरले. पक्षाचा चेहरा बनलेल्या पेट्रा केली अहिंसेच्या संदर्भात गांधीजींचे ऋण मोकळेपणाने मानत. ग्रूल यांच्यासारखी मंडळी लवकरच बाहेर पडली आणि पक्ष डावीकडे स्थिरावला. मार्च १९८३मध्ये ५.६ टक्के मते मिळवून पक्षाने संसदेत शिरण्यासाठी लागणारा पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडला, तेव्हा नवे खासदार आम्लपावसाने वाळलेले झाड बरोबर घेऊन तेव्हाची राजधानी बॉनच्या रस्त्यांवरून संसदेत गेले. खासदारांनी दोन वर्षांनी जागा सोडून यादीतील त्यांच्यामागच्या उमेदवाराला द्यावी असा फिरत्या जागेचा नियमही त्यांनी करून पाहिला. डिसेंबर १९८५मध्ये योश्का फिशर यांनी हेसन राज्याचे पर्यावरणमंत्री म्हणून पांढरे कापडी बूट घालून शपथ घेतली. ते बूट आता संग्रहालयात आहेत, आणि पक्षाचा पुढचा प्रवास पाहता ते तिथेच शोभतात.

सत्तेत जायचे की बाहेर राहून दबाव टाकायचा, या प्रश्नावर पक्षात ‘रेआलो’ म्हणजे वास्तववादी आणि ‘फुंडी’ म्हणजे तत्त्वाला चिकटून राहणारे असे दोन तट पडले. त्यांची पहिली मोठी कसोटी १९९०मध्ये लागली. जर्मनीच्या एकीकरणाच्या उत्साहात देश बुडालेला असताना ‘सगळे जर्मनीबद्दल बोलतात, आम्ही हवामानाबद्दल बोलतो’ ही घोषणा घेऊन पक्ष मतदारांसमोर गेला. तापमानवाढीचा विषय काळाच्या पुढचा होता हे खरे, पण त्या हिवाळ्यात लोकांना तो ऐकायचा नव्हता. पश्चिमेत ४.८ टक्क्यांवर गाडी अडली आणि पक्ष संसदेबाहेर फेकला गेला. पूर्वेतील नागरी चळवळीतून आलेल्या ‘बुंडनिस ९०’ आणि तेथील हिरव्यांच्या आघाडीचे आठ खासदार तेवढे निवडून आले. या दणक्यानंतर फिरत्या जागेचा नियम गेला, अनेक फुंडी बाहेर पडले आणि १९९३मध्ये पूर्व-पश्चिमेचे हिरवे एक झाले. पराभवानंतर सावरण्याचा हा नमुना पुढे अनेक देशांतील हिरव्यांनी गिरवला.

घरात शिरणाऱ्या धोरणाचा पहिला फटका मार्च १९९८मध्ये बसला. माग्डेबुर्गच्या अधिवेशनाने दहा वर्षांत पेट्रोल लिटरमागे पाच मार्कांपर्यंत (मार्क हे तेव्हाचे जर्मन चलन) महाग करण्याचा ठराव केला आणि जनमत चाचण्यांत पक्षाची घसरण सुरू झाली. हिशेब चुकीचा नव्हता. वाढीव करातून निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचा भार हलका करायचा होता. पण मतदाराच्या डोळ्यांसमोर पंपावरचा आकडा राहिला. तरीही त्या शरद ऋतूत सोशल डेमोक्रॅट पक्षाबरोबर ते प्रथमच केंद्रात सत्तेवर आले. नंतर मे १९९९मध्ये कोसोवोतील नाटोच्या हल्ल्यांना पाठिंबा द्यायचा की नाही यावर बीलेफेल्ड येथे अधिवेशन भरले, तेव्हा परराष्ट्रमंत्री फिशर यांच्या कानावर लाल रंगाने भरलेली पिशवी येऊन फुटली. अहिंसेचा खांब त्या दिवशी हलला. सरकार मात्र टिकले, आणि त्याच सरकारने २०००मध्ये अक्षय ऊर्जेचा कायदा करून वाऱ्याच्या व सौरऊर्जेच्या विजेला ठरावीक दराची हमी दिली. माझ्या मते कोणत्याही हरित पक्षाने सत्तेत राहून केलेले सर्वांत दूरगामी काम हेच आहे, आणि निवडणुकीच्या प्रचारात ते क्वचितच ऐकू येते.

२०११मधील फुकुशिमा अपघातानंतर बाडेन-व्युर्टेमबर्ग या मोटारउद्योगाच्या राज्यात विनफ्रीड क्रेचमान हे पहिले हिरवे मुख्यमंत्री झाले. मात्र त्याच वर्षी चॅन्सेलर मर्केल यांनी अणुऊर्जा बंद करण्याचा निर्णय घेतला आणि हिरव्यांचा सर्वांत मोठा ‘नको’ त्यांच्या हातून गेला. दोन वर्षांनी सार्वजनिक उपाहारगृहांत आठवड्यातून एक दिवस मांसविरहित असावा अशी सूचना त्यांच्या जाहीरनाम्यात आली. जेवणाच्या ताटात हात घालणारा पक्ष अशी हेटाळणी झाली आणि मते ८.४ टक्क्यांवर आली.

मग आले २०२३. त्या वर्षी १५ एप्रिलला जर्मनीतील शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या, म्हणजे व्हीलच्या बागाईतदारांपासून सुरू झालेला लढा पूर्ण झाला. आणि अवघ्या चार दिवसांनी, १९ एप्रिलला, मंत्रिमंडळाने घर तापवण्याच्या यंत्रणेविषयीचे विधेयक मंजूर केले. नव्याने बसवल्या जाणाऱ्या यंत्रणेने किमान ६५ टक्के उष्णता अक्षय स्रोतांतून घ्यावी, असा त्याचा गाभा होता. चालू बॉयलर काढून टाकण्याची सक्ती नव्हती. पण मसुदा आधीच वृत्तपत्रात फुटला होता आणि तेव्हा अनुदान किती मिळणार हे ठरलेलेच नव्हते. जुन्या घराच्या तळघरात गॅसचा बॉयलर असलेल्या निवृत्त दांपत्याला बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या हीट पंपाचा खर्च दिसत होता, मदत दिसत नव्हती. अखेर सप्टेंबरमध्ये सौम्य रूपात कायदा झाला आणि अनुदान ७० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले, परंतु तोपर्यंत आर्थिक व्यवहार आणि हवामान खात्याचे हिरवे मंत्री रोबर्ट हाबेक यांचे नाव लोकांच्या मनात बॉयलरशी जोडले गेले होते. २०१९च्या युरोपीय निवडणुकीत मिळालेली २०.५ टक्के मते २०२४मध्ये ११.९ टक्क्यांवर आली आणि सर्वांत मोठी गळती तरुण मतदारांत झाली.

याच काळातील आयर्लंड आणि ऑस्ट्रियाची उदाहरणे हे केवळ जर्मन दुखणे नसल्याचे दाखवतात. आयर्लंडच्या हिरव्यांनी २००७मध्ये मोठ्या पक्षाचा हात धरला आणि आर्थिक संकटानंतर २०११मध्ये सहाही जागा गमावल्या. २०२०मध्ये ते पुन्हा सत्तेत गेले, २०३०पर्यंत उत्सर्जन ५१ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट कायद्यात आणले आणि पुन्हा तसाच हिशेब चुकता झाला. लहान भागीदाराला सरकारच्या अपयशाचा वाटा पूर्ण मिळतो आणि यशाचा अपुरा, हे आघाड्यांचे जुने गणित तिथेही लागू पडले. ऑस्ट्रियात हिरव्यांनी अधिक विचारपूर्वक पावले टाकली: २०२१मध्ये देशभर चालणारे वार्षिक प्रवासी तिकीट आणले, आणि २०२२मध्ये कार्बनवर किंमत लावताना ‘क्लिमाबोनुस’ या नावाने नागरिकांच्या खात्यावर पैसे परत दिले. तरीही २०१९चे १३.९ टक्के २०२४मध्ये ८.२ टक्क्यांवर आले. नंतरच्या सरकारने काटकसरीसाठी बोनस रद्द केला, कार्बनची किंमत मात्र ठेवली. लोकांना पैसे परत द्या म्हणजे विरोध मावळेल, असे मांडणाऱ्यांनी हा अनुभव नीट पाहायला हवा.

निकालांतील संमिश्रपणाचा काही भाग निव्वळ मतदानपद्धतीचा आहे. ब्रिटनमध्ये १९८९च्या युरोपीय निवडणुकीत हिरव्यांना सुमारे १५ टक्के मते मिळूनही एक जागा मिळाली नव्हती. २०२४मध्ये त्याच्या निम्म्याहून कमी टक्क्यांत संसदेच्या चार जागा आल्या, कारण या वेळी सारा जोर चारच मतदारसंघांवर होता. ऑस्ट्रेलियातील घसरण पसंतिक्रमातून आली; तिथे मतदार उमेदवारांना क्रम देतात आणि मागे पडलेल्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. ब्रिस्बेनमधील ग्रिफिथ मतदारसंघात उजव्या पक्षाचा उमेदवार तिसरा आला, त्याची मते सत्ताधारी लेबर पक्षाकडे वळली आणि ग्रीन्सचे खासदार पडले. सिनेटमध्ये मात्र ग्रीन्सचे बळ असे राहिले की विरोधकांची मदत न घेता लेबरला कायदे करायचे असतील तर त्यांच्याशीच बोलावे लागते, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये पर्यावरण कायद्यातील मोठ्या सुधारणा त्यांच्याच मतांवर मंजूर झाल्या. कनिष्ठ सभागृहातील पराभवाचे मोजमाप करताना हे विसरले जाते.

पुढच्या वाटेवर सध्या तीन दिशा दिसतात. क्रेचमान यांची वाट मध्यममार्गी आहे: उद्योगांना सोबत घ्या, सक्ती टाळा. तिने २०२१मध्ये त्यांच्या राज्यात ३२.६ टक्के मते दिली. राष्ट्रीय पातळीवर मात्र २०२५मध्ये अनेक तरुणांनी घरभाड्याचा प्रश्न लावून धरणाऱ्या ‘डी लिंके’ या डाव्या पक्षाला पसंती दिली. नेदरलँड्समधील हिरव्यांनी मजूर पक्षाशी संयुक्त यादी केली आणि जून २०२५मध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी पूर्ण विलीनीकरणाला कौल दिला, पण ऑक्टोबरच्या निवडणुकीत त्यांच्या २५ जागांच्या २० झाल्या. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२५मध्ये मोठ्या फरकाने नेतेपदी आलेले झॅक पोलन्स्की आपल्या भूमिकेला ‘इको-पॉप्युलिझम’ म्हणतात. अतिश्रीमंतांच्या संपत्तीवर कर आणि भाड्यांवर नियंत्रण हे त्यांचे मुख्य मुद्दे आहेत, म्हणजे हरित बदलाचे बिल कोणाच्या दारात जाणार याचे उत्तर ते आधीच देतात. पक्षाची सदस्यसंख्या काही आठवड्यांतच लाखापलीकडे गेली.

पण त्याच पक्षात जुना नकारही शिल्लक आहे. पोलन्स्की यांनी ज्यांना हरवले त्यांपैकी एड्रियन रॅमसे हे वेव्हनी व्हॅली या ग्रामीण, एरवी हुजूर पक्षाकडे झुकणाऱ्या भागातून निवडून आले आहेत. उत्तर समुद्रातील पवनचक्क्यांची वीज नेण्यासाठी नॉरिच ते टिलबरी अशी सुमारे १८० किलोमीटरची वाहिनी त्या परिसरातून आखली गेली असून तिच्या उंच मनोऱ्यांना गावकऱ्यांचा विरोध आहे. निवडून आल्यावर पहिल्या काही दिवसांतच, पक्षाचे सहनेते असताना, रॅमसे यांनी हे काम थांबवून इतर पर्याय तपासावेत अशी मागणी केली.