कोर्स वेगळा, हातचिठ्ठी वेगळी

रात्री साडेअकराला डिस्पॅचच्या पोराचा फोन आला. वाळूजहून तामिळनाडूतल्या होसूरला निघालेला ट्रक तुळजापूरच्या घाटात बंद पडला होता. ट्रान्सपोर्टरने दुसरी गाडी लावली, पण गाडी बदलली की ई-वे बिलाच्या, म्हणजे मालाबरोबर लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या, पार्ट बीमध्ये गाडीचा नवा नंबर टाकल्याशिवाय माल पुढे नेता येत नाही. पोरगं पोर्टल उघडून घामाघूम झालेलं. मी म्हणालो, “अरे, मागच्याच महिन्यात ई-वे बिलाचा कोर्स केलास ना? पास झालास की.” तो म्हणाला, “कोर्स केला की सर, सर्टिफिकेट पण हाय. पण ते बटन कुठं हाय ते सांगा ना आधी.”

तो कोर्स मीच लावला होता. चाळीस मिनिटांचा, आवाजासकट, शेवटी दहा प्रश्न. कोर्स वाईट नव्हता, जागा चुकली होती. त्या पोराला त्या रात्री कोर्स नको होता, हातचिठ्ठी हवी होती.

आमच्यासारख्या कंपन्यांत, म्हणजे ज्यांचं गिऱ्हाईक दुसरी कंपनीच असते त्या बी-टू-बी धंद्यात, या दोन गोष्टी ‘डिजिटल ट्रेनिंग’ या एकाच नावाखाली जातात. दोन्ही मोबाइलवर दिसतात, दोन्हीत व्हिडिओ असतो आणि दोन्ही विकणारा माणूस बहुधा एकच असतो. कोर्स कामाच्या आधी करायचा असतो: बसून, हातातलं काम बाजूला ठेवून. त्यातलं जे डोक्यात उरेल ते पुढे कधीतरी उपयोगी पडावं, एवढीच अपेक्षा. हातचिठ्ठी, जिला इंग्रजीत जॉब एड म्हणतात, ती काम चालू असताना उघडायची. डोक्यात काही उरलं नाही तरी चालतं, कारण पुढच्या वेळी ती पुन्हा उघडता येते. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर उघडणारं एक पान, तीस सेकंदांची क्लिप, फिक्स्चरवर, म्हणजे भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यावर, चिकटवलेला फोटो, ईआरपीच्या, म्हणजे कंपनीच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरच्या, खिडकीत उजवीकडे येणारी मदत, हे सगळं हातचिठ्ठीतच मोडतं. संगणकाच्या पडद्यावरच अशी मदत द्यावी ही कल्पना ग्लोरिया गेरी या अमेरिकन सल्लागार बाईंनी १९९१ मध्ये पुस्तक लिहून मांडली. आपल्याकडच्या कारखान्यांत टीपीएम या यंत्र-देखभालीच्या जपानी पद्धतीबरोबर आलेला ‘वन पॉइंट लेसन’ हा एका पानाचा कागद त्याच जातीचा.

मराठवाड्यातल्या बऱ्याच जणांची ऑनलाइन शिक्षणाशी पहिली गाठ एमएस-सीआयटीच्या सेंटरवर पडली. स्क्रीनवर धडा, मग प्रश्न, मग मार्क, शेवटी सर्टिफिकेट. तोच साचा आमच्या डोक्यात बसलाय. म्हणून कंपनीत काहीही शिकवायचं म्हटलं की एचआरवाले आधी विचारतात, “मॉड्यूल किती मिनिटांचं?”

पण खरं कारण ऑडिट आहे. मोठ्या गाडी कंपनीला माल द्यायचा तर आयएटीएफ १६९४९ हे गाडी-उद्योगाचं गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते आयएसओ ९००१ या सर्वसाधारण गुणवत्ता-मानकाच्या पायावर उभं आहे. त्यातलं ७.२ हे कलम सांगतं की माणूस कामाला सक्षम आहे याचा लेखी पुरावा ठेवा. कोर्सचा पुरावा आयता मिळतो. एलएमएस, म्हणजे कोर्स चालवणारी प्रणाली, सांगते की अमुकने अमुक तारखेला पूर्ण केला, इतके मार्क मिळाले, इतकी मिनिटं लागली. हे सगळं नोंदवायची स्कॉर्म नावाची पद्धत २००१ पासून सगळीकडे रुळली आहे. भिंतीवरच्या क्यूआर कोडचं सर्टिफिकेट मात्र निघत नाही. म्हणून चिठ्ठीत मावणारी गोष्टही ओढून-ताणून कोर्सात कोंबली जाते. गंमत म्हणजे त्याच कलमात असंही म्हटलंय की जे प्रशिक्षण दिलं त्याचा परिणाम झाला का ते तपासा. हा भाग ऑडिटच्या आदल्या रात्री कुणी वाचत नाही. मीही वाचत नसे.

कोर्सात शिकलेलं टिकत का नाही, याचं उत्तर जुनं आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये छापले. पाठांतर पहिल्या काही तासांतच झपाट्याने ओसरतं आणि मग हळूहळू, हे त्याने आकड्यांत दाखवलं. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला लावला, दुसऱ्या गटाला न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने बाजू उलटली. आठवून लिहिणारे ५६ टक्क्यांवर, वाचणारे ४२ वर. आमचे कोर्स नेमके त्या पाच मिनिटांतच परीक्षा घेतात. व्हिडिओ संपतो, लगेच दहा प्रश्न येतात आणि सगळे पास. त्या मार्कांवरून आठवड्यानंतरचं काहीच कळत नाही.

म्हणजे कोर्स करायचाच असेल तर परीक्षा उशिरा घ्या, आणि एकदाच घेऊ नका. आम्ही आता आठ दिवसांनी तीन प्रश्न व्हॉट्सॲपवर टाकतो. बोंबाबोंब होते, पण चालतं.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण विमानांचं आहे. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान उडताच कोसळलं. चालवणारे कसलेले वैमानिक होते. वाऱ्याने हलू नयेत म्हणून उभ्या विमानाचे शेपटीकडचे भाग कुलूपबंद करतात, ते कुलूप काढायचं राहिलं होतं. त्यांना उडवायला पुन्हा शिकवून काय मिळणार होतं? त्यावर उपाय म्हणून निघाली वैमानिकांची चेकलिस्ट, जी प्रत्येक उड्डाणाआधी वाचायची. येतं म्हणूनच जे नजरेतून सुटतं, त्याला चिठ्ठीच लागते.

मग कशाला कोर्स आणि कशाला चिठ्ठी? जालन्याच्या सळईवाल्यांकडे बघा, तिथे फरक उघडा दिसतो. ठेकेदाराच्या ऑफिसात बसलेल्या विक्रीच्या माणसाला विचारलं, “बारा एमएमची मीटरला किती किलो?” तर तो व्यासाचा वर्ग भागिले १६२ करतो आणि ०.८८८ सांगतो. दहाची ०.६१७, सोळाची १.५८. हा तक्ता मोबाइलमध्ये असला तरी कुणी नाक मुरडत नाही. समोरचा इंजिनिअरही तोच तक्ता वापरतो. पण त्याच इंजिनिअरने विचारलं, “तुमच्या ५०० डी ग्रेडच्या सळईतल्या डी ने नेमकं काय होतं, मी साध्या ५०० पेक्षा जास्त पैसे का मोजू?” आणि हा माणूस मोबाइल चाळायला लागला, तर सौदा तिथेच गार पडला. इथे आत पक्कं हवं: सळयांच्या आयएस १७८६ या भारतीय मानकात साध्या ५०० ला तुटण्याआधी किमान १२ टक्के लांबणं पुरतं, डी ला १६ लागतं, गंधक आणि फॉस्फरस कमी ठेवावा लागतो, म्हणून भूकंपात सळई तुटण्याआधी वाकते. आणि हे म्हणताना समोरच्याच्या तोंडाकडे बघून म्हणता यायला हवं. बी-टू-बी विक्रीत समोरचा खरेदी अधिकारी बहुतेक वेळा आपल्यापेक्षा जाणता असतो, त्याला वाचून दाखवलेलं लगेच ओळखू येतं. हे कोर्सचं काम. त्यातही व्हिडिओ बघण्यापेक्षा दोघांनी समोरासमोर बसून, एकाने ठेकेदार होऊन उलटसुलट विचारण्याचं. व्हिडिओ कॉलवरही जमतं.

माझी फूटपट्टी साधी आहे. काम करणाऱ्याला थांबून बघायला दहा सेकंद मिळतात का? मिळत असतील तर चिठ्ठी. मिळत नसतील, किंवा बघताना गिऱ्हाईक हातचं जाणार असेल, तर कोर्स आणि सराव. जे महिन्यातून एकदा लागतं ते चिठ्ठीवर. जे रोज लागतं ते आठ दिवसांत आपोआप अंगवळणी पडतं, त्याला दोन्ही नको.

प्रेसच्या डायमध्ये हात घालण्याआधी वीज तोडून कुलूप लावायचं, हे मात्र दोन्हीकडे हवं, आणि शिवाय तिसरं म्हणजे खरं कुलूप हवं. इथे मोबाइलवर विसंबू नये.

एक घोळ मुद्दाम सांगतो, कारण सध्या तो विकायला घेऊन फार जण येतात. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओचे तीन-तीन मिनिटांचे तेरा तुकडे केले की त्याला मायक्रोलर्निंग म्हणतात. चांगलं आहे, पण ती हातचिठ्ठी नव्हे. तो छोटा कोर्सच आहे. फरक लांबीत नसून शोधण्यात आहे. माझ्या डिस्पॅचच्या पोराला तेरा तुकड्यांतला नऊ नंबरचा तुकडा हवा होता, आणि तो नऊ नंबरचा आहे हे माहीत असतं तर त्याने मला फोन केलाच नसता. चिठ्ठीचं नाव अडचणीच्या भाषेत लागतं. ‘वाहन तपशील अद्ययावत करणे’ असं लिहून भागत नाही. ‘रस्त्यात गाडी बदलली’ असं लिहावं लागतं.

क्यूआर कोड या कामाला इतका फिट बसतो त्यामागे इतिहास आहे. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने १९९४ मध्ये तो काढला तो गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. चहाच्या टपरीवर पैसे घेण्याआधी तो आमच्याच धंद्यातला होता. त्याचा मोठा फायदा असा की भिंतीवरचा कोड तोच राहतो, मागचं पान बदलता येतं. अडचणी पण आहेत. बऱ्याच कारखान्यांत गेटवरच मोबाइल जमा करतात, मग लाइनवर टॅब टांगावा लागतो. आणि ऑपरेटरांत बिहार-यूपीची पोरं असतात, त्यांना मराठी पान निम्मंच कळतं. फोटोवर बाण काढला की भाषेचा प्रश्न निम्मा सुटतो.

चिठ्ठीचा खरा शत्रू म्हणजे जुनी चिठ्ठी. कोर्सात चूक राहिली तर माणूस ती विसरून तरी जातो, चिठ्ठीतली चूक रोज नव्याने वाचली जाते. आमच्या डिस्पॅचच्या टेबलावर काचेखाली एक कागद होता. त्यावर लिहिलेलं: ई-वे बिलाची मुदत दर १०० किलोमीटरला एक दिवस. १ जानेवारी २०२१ पासून ते २०० किलोमीटर झालं, कागद मात्र तसाच. हजारएक किलोमीटरच्या होसूरला कुणी दहा दिवस धरायचं, पोर्टल पाच-सहाच द्यायचं, आणि दोष पोर्टलला. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारे फोटो याहून वाईट, कारण ते कुणी लिहिले आणि कधी, हेच सापडत नाही. ऑडिटर ज्याला ‘अनकंट्रोल्ड कॉपी’ म्हणतो ती हीच. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, रिव्हिजन नंबर आणि तिची काळजी घेणाऱ्या एका माणसाचं नाव. डिपार्टमेंटचं नाव लिहिलं की ती कुणाचीच राहत नाही.

मोजणंही वेगळं. कोर्समध्ये किती जणांनी पूर्ण केला ते मोजतात. चिठ्ठी किती वेळा उघडली आणि रात्रीचे फोन किती कमी झाले ते बघायचं. एखादी चिठ्ठी महिन्यात शंभरदा उघडली जात असेल तर मी खूश होत नाही. रोज लागणारी गोष्ट इतकी अवघड का ठेवली, हा प्रश्न मग पोर्टलवाल्याला किंवा फॉर्मवाल्याला विचारायचा असतो.

त्या रात्रीनंतर मी चाळीस मिनिटांचा कोर्स बारा मिनिटांवर आणला. त्यात आता फक्त ‘का’ उरलंय: ई-वे बिल कशासाठी, चुकीचं निघालं तर दंड कुणाला, ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, २४ तासांच्या आत रद्द नाही केलं तर पुढे क्रेडिट नोट, म्हणजे ती रक्कम वजा करणारा कागद, का काढावी लागते. बाकी सगळं चार पानांत गेलं: गाडी बदलली, मुदत संपत आली, बिल चुकलं, गिऱ्हाईकाने माल परत पाठवला. मुदतीच्या पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘संपायच्या आधी ८ तास, नंतर ८ तास’ एवढंच आहे, कारण मुदत वाढवायची खिडकी तेवढीच उघडी असते. पानांवर नाव त्या पोराचंच टाकलंय. बटणांचे फोटो त्यानेच काढले, आणि एका बटणाला बाण चुकीचा लागलाय म्हणून मला परवा सुट्टीच्या दिवशी फोन पण त्यानेच केला.