सीएपीएमचा अर्ज: पात्रता, २३ तासांचा पुरावा आणि नावाची भानगड

हिंजवडीत किंवा ऐरोलीत टेस्टिंग, डेव्हलपमेंट, सपोर्ट असं काही करत दोन-तीन वर्षं गेली की एक दिवस मॅनेजर सहज म्हणतो, "पुढच्या रिलीजचं प्लॅनिंग तूच बघ." कोड लिहिणं वेगळं आणि आठ जणांचं काम तारखेत बसवणं वेगळं, हे तेव्हा कळतं. मग शोध सुरू होतो आणि बहुतेक जण थेट पीएमपीच्या (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, अनुभवी प्रकल्प व्यवस्थापकांचं प्रमाणपत्र) जाहिरातींवर जाऊन आदळतात. पण पीएमपीला प्रकल्प स्वतः हाताळल्याचा अनुभव लागतो, पदवीधरालाही तीन वर्षांचा. तो नसेल तर क्लासवाला कितीही गोड बोलला तरी अर्ज पुढे सरकणार नाही.

अशांसाठी त्याच संस्थेचं, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचं (पीएमआय, स्थापना १९६९) पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र आहे: सीएपीएम, म्हणजे सर्टिफाइड असोसिएट इन प्रोजेक्ट मॅनेजमेंट. ते फक्त आयटीसाठी नाही, बांधकामवालेही ते घेतात. पण २०२३ पासूनच्या अभ्यासक्रमात अजाइलला (छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत काम करण्याची पद्धत) २० टक्के आणि ग्राहकाला नेमकं काय हवं ते समजून घेण्याच्या कामाला, म्हणजे बिझनेस अ‍ॅनालिसिसला २७ टक्के वाटा आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरवाल्याला ते बरंच घरचं वाटतं. उरलेल्यात ३६ टक्के मूलभूत संकल्पना आणि १७ टक्के आधी सगळा आराखडा आखून काम करण्याची जुनी पद्धत.

पात्रतेच्या अटी दोनच. पहिली, बारावी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण. दुसरी, प्रकल्प व्यवस्थापनाचं किमान २३ तासांचं रीतसर शिक्षण. अनुभवाची अट नाही, त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही अर्ज करता येतो.

घोळ होतो तो या २३ तासांवरून. घरी बसून पुस्तक वाचलं, व्हिडिओ पाहिले, हे धरत नाहीत, मग तुम्ही शंभर तास का घालवले असेनात. पीएमआयच्या स्थानिक शाखेच्या मासिक सभेला बसलात तेही धरत नाहीत. धरतात ते मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचे वर्ग, पीएमआयच्या शाखांनी (पुणे आणि मुंबईत त्या आहेत) घेतलेले अभ्यासवर्ग, कंपनीने कर्मचाऱ्यांना दिलेलं प्रशिक्षण, कॉलेजचा विषय आणि शेवटी चाचणी असलेले ऑनलाइन कोर्स. खुद्द पीएमआयचा ऑनलाइन कोर्स केला तर तेवढ्यावरच ही अट पूर्ण होते.

कॉलेजच्या विषयाबद्दल जरा सावध. आयटी आणि कॉम्प्युटरच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेजमेंट हा विषय असतो आणि तो चालतो. पण विषयातला जेवढा भाग खरोखर प्रकल्प व्यवस्थापनाचा, तेवढेच तास मोजायचे. शिवाय मार्कशीटवर गुण असतात, तास नसतात. म्हणून विभागप्रमुखांकडून विषयाचं नाव, कालावधी आणि तास लिहिलेलं पत्र लेटरहेडवर आधीच घेऊन ठेवा. पास होऊन तीन वर्षांनी ते पत्र मागायला गेलं की कॉलेजच्या ऑफिसात काय होतं, ते वेगळं सांगायला नको. कंपनीच्या प्रशिक्षणाचंही तसंच: नुसतं 'सहभागाबद्दल' छापलेलं रंगीत प्रमाणपत्र नको, त्यावर तास हवेत.

आता नाव. आपल्याकडे हा खरा अडथळा आहे. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. कुठे आईचंही. पॅनवर क्रम वेगळा, पासपोर्टवर आडनावाचा रकाना स्वतंत्र, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर विचारायलाच नको. परीक्षेच्या दिवशी तुमच्या ओळखपत्रावरचं नाव आणि पीएमआयच्या खात्यातलं नाव जुळावं लागतं. माझ्या एका मैत्रिणीने खातं माहेरच्या नावाने उघडलं आणि परीक्षेला सासरच्या नावाचा पासपोर्ट दाखवला. अभ्यास तयार होता, परीक्षा मात्र त्या दिवशी झाली नाही. तेव्हा उलट्या बाजूने सुरुवात करा: परीक्षेला कोणतं ओळखपत्र दाखवणार ते आधी ठरवा (फोटो, सही, इंग्रजी अक्षरांतलं नाव आणि शिल्लक मुदत असलेला पासपोर्ट सगळ्यात निर्धोक) आणि खातं उघडताना त्यावरचंच नाव अक्षरन् अक्षर टाका.

अर्ज स्वतः सोपा आहे. पीएमआयच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, सीएपीएम निवडायचं, शिक्षण भरायचं, मग कोर्सचं नाव, संस्था, तारखा आणि तास. एकदा सुरू केलेला ऑनलाइन अर्ज ९० दिवस खुला राहतो, त्यामुळे एका बैठकीत संपवायची घाई नको. काही अर्ज चिठ्ठी काढल्यासारखे पडताळणीसाठी निवडले जातात. तुमचा आला तर शिक्षणाच्या आणि २३ तासांच्या प्रमाणपत्रांच्या प्रती द्याव्या लागतात, त्यालाही ९० दिवस मिळतात. वर सांगितलेलं पत्र हाताशी असेल तर हे दोन दिवसांचं काम आहे.

फी डॉलरमध्ये: पीएमआयच्या सभासदाला २२५, इतरांना ३००. विद्यार्थ्यांचं सभासदत्व बरंच स्वस्त असतं, म्हणून विद्यार्थी असाल तर आधी सभासद व्हा आणि मग फी भरा, उलटं केलं तर सवलत गेली. भरताना पडद्यावर दिसणारी रक्कम करासकट बघून घ्या आणि कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत ना, तेही आदल्या दिवशीच बघा.

मंजुरी मिळाली की एक वर्षाची मुदत सुरू होते, त्यात तीनदा परीक्षा देता येते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची फी वेगळी. परीक्षा पिअर्सन व्ह्यू ही परीक्षा घेणारी कंपनी घेते, केंद्रावर किंवा घरून. तीन तास, १५० प्रश्न; त्यातले १५ प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. मराठीत परीक्षा नाही. उत्तीर्ण व्हायला किती गुण लागतात, हे पीएमआय जाहीर करत नाही.

घरून देणार असाल तर कॅमेऱ्यासमोर खोली रिकामी दाखवावी लागते आणि परीक्षा संपेपर्यंत आत कुणी यायचं नाही. तीन तास आई दार उघडून "चहा घेतोस का?" विचारणार नाही, याची खात्री असेल तरच घरून द्या. वीज आणि इंटरनेटचा भरवसा नसेल तर पुण्या-मुंबईच्या केंद्रावर जाणं बरं, एसटीचा खर्च परवडतो.

प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. ते टिकवायला त्या काळात १५ पीडीयू, म्हणजे साधारण १५ तासांचं पुढचं शिक्षण नोंदवावं लागतं आणि नूतनीकरणाची फी भरावी लागते. मधल्या काळात पीएमपीपुरता अनुभव जमला तर बरेच जण तिकडेच वळतात. त्यासाठी ३५ तासांचं शिक्षण लागतं, पण सीएपीएम चालू असेल तर तेवढ्यावरच ती अट पूर्ण होते, म्हणून त्याची मुदत संपू देऊ नका.