यंत्र कोणत्या बाजूला? महामार्गाने दुभंगलेल्या गावातील हवामापनाची पार्श्वभूमी

हिंगणघाटच्या दक्षिणेकडचा हा रस्ता ७ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता तेव्हा गावातली माणसे तो चालत ओलांडत. उत्तर-दक्षिण कॉरिडॉरच्या चौपदरीकरणात भराव उंच झाला आणि २०१० च्या फेरक्रमांकनात रस्ता ४४ झाला. गावठाण, ग्रामपंचायत, किराणा दुकाने पूर्वेला राहिली. शाळा आणि मजुरांची वस्ती पश्चिमेला गेली. ये-जा एका बोगद्यातून.

सरकारी हवामापन १९८४ पासून चालू असले तरी त्याची नजर शहरांवर आणि कारखान्यांवर. विदर्भात ती चंद्रपूरवर स्थिरावली: २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे होते. २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमही शहरांपुरताच. महामार्गालगतच्या खेड्याने हवा मोजायची तर स्वतःच मोजायची, असा त्याचा अर्थ.

हवेतले कण मोजणारे, लेझरवर चालणारे स्वस्त यंत्र गावात आले आणि वाद सुरू झाला तो जागेचा. हवामापन पाहणाऱ्या गावच्या समितीने ते ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसवले. वीज आहे, वायफाय आहे, कुलूप आहे; शिवाय सरकारी नियमानुसार हवा ओढणारे तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंच हवे, तेही जमते. कागदावर निर्णयात खोट काढता येत नाही. पण हिवाळ्यात इकडे वारा बहुधा ईशान्येकडून, पूर्वेकडून वाहतो, म्हणजे ट्रकांचा धूर पश्चिमेच्या वस्तीवर जातो. याच दिवसांत रात्री गार हवा जमिनीलगत साचते, आणि पुढे कापसाच्या पऱ्हाट्या पेटवण्याचा हंगाम येतो. पावसाळ्यात वारा उलटा फिरतो खरा, पण तेव्हा पाऊसच धूळ बसवतो. उन्हाळ्यात वायव्येचे वारे गावठाणालाही सोडत नाहीत, हा समितीचा युक्तिवाद चुकीचा नाही; मात्र त्या दिवसांत शाळेला सुट्टी असते. वर्षभराचा आकडा दाखवून 'हवा ठीक आहे' म्हणणे हे रस्त्याच्या एकाच काठावरून बोलणे होते.

ओरड झाल्यावर दुसरे यंत्र शाळेच्या व्हरांड्यावर लागले. त्याआधी दोन्ही यंत्रे एकाच गच्चीवर शेजारी ठेवून ताडून पाहिली गेली, हे बरे झाले. ही यंत्रे दमट हवेत आकडा फुगवतात आणि मुरमाची जाड धूळ नीट पकडत नाहीत. त्यामुळे पीएम १० चा (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा दोन्हीकडे बाजूला ठेवला, फक्त पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) वाचायचे ठरले.

सध्या वाद सरासरीचा आहे. पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. ट्रकांची रांग, ढाब्यांच्या चुली, घरोघरचे सरपण हे सगळे संध्याकाळी एकत्र येते, आणि दुपारच्या मोकळ्या हवेत मिसळून सरासरीत विरून जाते. पश्चिमेच्या वस्तीची मागणी आता तासातासाचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्याची आहे. समिती दिवसाच्या एकाच आकड्यावर अडून आहे.