अमेरिकेत जेनेरिकचा अर्ज: दळलेल्या औषधाचं स्फटिकरूप कुठे आणि कसं दाखवायचं

औषधाचा कच्चा माल जेट मिलमधून, म्हणजे हवेच्या जोरदार झोताने दळणाऱ्या यंत्रातून, काढला की कण बारीक होतात, पण कधीकधी आतली स्फटिकरचनाही मोडते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेकडे, एफडीएकडे, जेनेरिकचा अर्ज, म्हणजे एएनडीए, तयार करताना याच गोष्टीकडे सर्वांत आधी बघावं, असं माझं ठाम मत आहे.

मूळ औषधातलाच सक्रिय घटक, तोच औषधप्रकार, तीच मात्रा, घेण्याचा तोच मार्ग आणि सिद्ध झालेली जैवसमतुल्यता (औषध शरीरात मूळ औषधाइतकंच आणि तितक्याच वेगाने पोचणं), ही पात्रता. स्फटिकरूप, म्हणजे घन औषधात रेणूंची मांडणी, मात्र मूळ औषधाचंच हवं अशी सक्ती नाही. २००७च्या मार्गदर्शिकेत एफडीएने ते स्पष्ट केलं आहे. कंपनी पुण्याची किंवा गोव्याची असेल आणि अमेरिकेत कार्यालय नसेल, तर अर्जासोबतच्या ३५६एच फॉर्मवर तिथल्या एजंटचीही सही लागते. अर्ज ईसीटीडी स्वरूपातच, म्हणजे ठरलेल्या क्रमांकांच्या विभागांत मांडलेल्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच, जातो.

स्फटिकरूपाचा पुरावा त्यातल्या ३.२.एस.३.१ या विभागात जोडायचा. इथे पुष्कळदा पुरवठादाराकडून आलेला एक्सआरडी आलेख (क्ष-किरणांनी स्फटिकरचना दाखवणारा) तसाच लावला जातो. तो दळण्याआधीचा असेल, तर गोळीत नेमकं काय गेलं हे त्यावरून कळत नाही. इंडोमेथॅसिन या वेदनाशामकाचं बघा. त्याचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याखाली विस्कळीत रेणूंचा घन पदार्थ काचेसारखा कडक राहतो ते तापमान, साधारण ४२ अंश सेल्सिअस. त्याच्या बरंच खाली, थंड ठेवून दळलं तर आलेखातली टोकदार शिखरं जाऊन नुसता पसरट उंचवटा उरतो: माल अस्फटिक, म्हणजे रेणूंची ठरावीक मांडणी नसलेला, झाला. तो जास्त विरघळतो खरा, पण ओल लागली की पुन्हा स्फटिक बनू लागतो. म्हणून दळल्यावर लगेच, आणि साठवणुकीनंतर पुन्हा, असे दोन्ही आलेख हवेत. जोडीला डीएससी, म्हणजे नमुना तापवताना उष्णता किती आत-बाहेर जाते हे मोजणारी चाचणी, घ्या. अस्फटिक भाग तापवताना स्फटिक होतो, तेव्हाचं उष्णता बाहेर पडण्याचं शिखर त्यात दिसतं.

कणांचा आकार आणि घनरूप औषधाच्या परिणामावर काय करतात, ते ३.२.पी.२ मध्ये लिहा. औषध पाण्यात सहज विरघळणारं असेल तर हा भाग थोडक्यात उरकतो. कमी विरघळणारं असेल, तर विरघळण्याच्या चाचणीचे आकडे आणि गरज असल्यास ३.२.एस.४.१ मध्ये स्फटिकरूपाची मर्यादा द्यावी लागते. तीन बॅचेसची सहा महिन्यांची स्थिरता माहिती ३.२.पी.८ मध्ये येते.

मंजुरीनंतर मिल किंवा दळण्याची पद्धत बदलली, तर तो बदलही एफडीएला कळवायचा असतो. तेव्हा नव्या मिलमधल्या मालाचा एक्सआरडी काढून जुन्या आलेखाशेजारी ठेवा.