एका ड्रॉइंगवरची दोन गुपितं

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या मशीन शॉपमध्ये दुसऱ्या पाळीत एक ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, लागला होता. मशीनजवळची प्रिंट कुलंटने भिजली आणि एका बोअरचा, म्हणजे भोकाचा, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचता येईना. मशीन लावून देणाऱ्या सेटरने क्यूसीच्या (तपासणीच्या) टेबलावरच्या मूळ ड्रॉइंगचा मोबाइलवर फोटो काढला. बोअरचं काम पुढे सातपूरला ग्राइंडिंगला जायचं होतं, म्हणून तोच फोटो त्याने ग्राइंडिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये सत्तावीस माणसं.

सकाळी मी तो पाहिला आणि त्याला बोलावलं. तो म्हणाला, "भाऊ, काम अडलं होतं. आणि गाड्यांच्या पार्टची ड्रॉइंगं आपण रोजच पाठवतो की. त्यांच्यावरपण गोपनीयच लिहिलेलं असतं."

त्याचं शेवटचं वाक्य अगदी खरं होतं. आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तो शब्द असतो. मोटारीच्या पार्टवर असतो, स्विचगिअरच्या पार्टवर असतो आणि या ब्रॅकेटवरही होता. फरक इतकाच की हा ब्रॅकेट लष्करी विमानाच्या कामातला होता. शब्द एकच, पण त्यामागे दोन वेगळी गुपितं उभी आहेत: एक धंद्याचं, दुसरं देशाचं. नाशिकमध्ये लेथ, व्हीएमसी किंवा प्रेस चालवणाऱ्या प्रत्येकाला ती वेगळी ओळखता आली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

आधी धंद्याचं गुपित घेऊ, कारण ते आपल्या ओळखीचं आहे. चिवडा करणाऱ्याच्या मसाल्याचं प्रमाण हे धंद्याचं गुपित. तळणीत काय आधी पडतं आणि काय नंतर, तेही. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराच्या ३९व्या कलमात त्याच्या तीन कसोट्या दिल्या आहेत. माहिती खरोखर गुप्त असावी, गुप्त असल्यामुळेच तिला किंमत असावी आणि ती गुप्त राहावी म्हणून मालकाने वाजवी काळजी घेतलेली असावी. आपल्याकडची म्हण हेच कमी शब्दांत सांगते: झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा मूठ उघडली की संपलं. ज्याने वाटेल त्याला प्रमाण सांगितलं, त्याला नंतर कोर्टात जाऊन ते आपलं गुपित होतं असं म्हणता येत नाही.

भारतात या गुपितांसाठी अजून स्वतंत्र कायदा नाही. करार, विश्वासभंग आणि न्यायालयांचे निकाल यांच्या आधारावर सगळं चालतं. त्यातला एक निकाल आपल्या राज्यातल्या कारखान्याचा आहे. कल्याणच्या एका कारखान्यात टायर-कॉर्डच्या धाग्याचं तंत्र परदेशी कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर आलं होतं. तिथे पाच वर्षांच्या करारावर असलेला एक कर्मचारी मुदत संपण्याआधीच सोडून राजस्थानातल्या स्पर्धकाकडे गेला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर कराराच्या मुदतीपुरता घातलेला मनाई हुकूम योग्य ठरवला. मुदतीपुरता, हे महत्त्वाचं. कारण १८७२च्या करार कायद्याचं २७वं कलम सांगतं की कुणालाही त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल.

हे मला अनुभवाने कळलं. काही वर्षांपूर्वी आमचा मशीनचे प्रोग्राम लिहिणारा एक प्रोग्रामर नोकरी सोडून गेला आणि दोन महिन्यांत आमचीच सायकल टाइम (एक पार्ट बनायला लागणारा वेळ) शेजारच्या गल्लीत निघू लागली. मी चिडून वकिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारलं, "तो पेनड्राइव्हमध्ये काय घेऊन गेला आणि डोक्यात काय घेऊन गेला?" डोक्यातलं कौशल्य त्याचं आहे, ते त्याने कुठेही विकावं. पेनड्राइव्हमधले प्रोग्राम माझे, त्यांचा वापर मी थांबवू शकतो. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: प्रोग्रामला पासवर्ड होता का? नव्हता. तिसऱ्या कसोटीवर मी तिथेच नापास झालो होतो. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. मिटवणं माझ्या हातात होतं, कारण गुपित माझं होतं.

देशाच्या गुपिताची गोष्ट इथेच वेगळी होते. ते मिटवायचा अधिकार ना माझा, ना माझ्या ग्राहकाचा.

त्यासाठी १९२३चा शासकीय गुपिते कायदा आहे. ब्रिटिश काळातला, पण अजून लागू. हा कायदा हेर आणि बडे अधिकारी यांच्यासाठी आहे, आपल्यासारख्या जॉबवर्कवाल्यांशी त्याचा काय संबंध, अशी समजूत मी एमआयडीसीत पुष्कळदा ऐकतो. हेरगिरीचं कलम तिसरं, आणि संरक्षणाच्या बाबतीत त्याची शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते, हे खरं. पण आपण वाचायचं ते पाचवं. त्यात सरकारी पदावरच्या माणसाबरोबरच सरकारशी झालेला करार ज्याच्याकडे आहे किंवा होता, तो माणूस येतो. आणि त्याच्या हाताखाली नोकरीला असलेला किंवा एकेकाळी असलेला माणूसही येतो. म्हणजे नोकरी सोडून गेलेला प्रोग्रामरसुद्धा. इथे २७व्या कलमाची ढाल नाही.

त्याच पाचव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी मी शॉपमधल्या सगळ्यांना बसवून समजावून सांगितली. माहिती मुद्दाम दिली तरच गुन्हा होतो असं नाही. आराखडा, नमुना किंवा कागद यांची वाजवी काळजी न घेणं हासुद्धा गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. वाजवी काळजी हे शब्द दोन्हीकडे येतात, पण त्यांचं वजन पाहा. धंद्याच्या गुपितात काळजी घेतली नाही तर माझा हक्क जातो. देशाच्या गुपितात काळजी घेतली नाही तर माझ्यावर खटला भरला जाऊ शकतो. आणि पंधराव्या कलमानुसार गुन्हा कंपनीकडून झाला तर तेव्हा तिचा कारभार पाहणारा माणूसही दोषी धरला जातो. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचं.

प्रतिबंधित जागेची व्याख्या वाचून तर मी दोनदा थबकलो. ओझरच्या विमान कारखान्याचं किंवा देवळालीच्या लष्करी छावणीचं फाटक, तिथला फोटो काढू नका असा फलक, एवढीच प्रतिबंधित जागा आपल्या डोळ्यांपुढे असते. पण सरकारशी किंवा सरकारच्या वतीने झालेल्या करारानुसार जिथे युद्धसामग्री बनते, दुरुस्त होते किंवा ठेवली जाते, ती खासगी जागाही व्याख्येत आहे. आणि युद्धसामग्री म्हणजे लढाईसाठी असलेलं संपूर्ण विमान किंवा त्याचा कोणताही भाग. पत्र्याच्या शेडमधल्या दोन मशीनसुद्धा त्यात बसू शकतात.

नाशिकला हे दूरचं प्रकरण नाही. ओझरच्या एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्याचा) जन्मच १९६४ साली मिग-२१साठी झाला. पुढे तिथे मिग-२७ बनली, सुखोई-३० एमकेआय बनली. १७ ऑक्टोबर २०२५ला संरक्षणमंत्र्यांनी तेजस मार्क-१एच्या तिसऱ्या उत्पादन मार्गिकेचं उद्घाटन केलं आणि त्याच दिवशी नाशिकमध्ये बनलेलं पहिलं मार्क-१ए उडालं. अशा प्रत्येक विमानामागे छोट्या पुरवठादारांची लांब साखळी असते आणि काम जितकं वाढेल तितकी ती साखळी छोट्या शेडपर्यंत पोचणार. दुसरीकडे नाशिकरोडला नोटा आणि स्टँप छापणारे छापखाने शंभरेक वर्षांपासून आहेत. माझे एक मामा तिथे तीस वर्षं होते. घरी दिवाळीच्या फराळाला बसल्यावर आम्ही पोरं विचारायचो, मामा, नोटेत तार कशी घालता हो? ते चकली मोडून आमच्या हातात द्यायचे आणि विषय बदलायचे. नोट सगळ्या देशाच्या खिशात असते. ती कशी बनते, हे सांगायचा हक्क आपला नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

आता मूळ प्रश्न. एखादं गुपित कोणत्या प्रकारातलं, हे ओळखायचं कसं? कागदावरच्या शिक्क्यावरून नेहमी कळत नाही, कारण १९२३च्या कायद्यात गुपित या शब्दाची व्याख्याच नाही. मी एकच प्रश्न विचारतो: हे उघड करायची परवानगी कोण देऊ शकतो? ग्राहक कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याचा लेखी ईमेल पुरत असेल तर ते धंद्याचं. तो अधिकारीच म्हणाला की मला वर विचारावं लागेल, आणि वरचाही म्हणाला की मंत्रालयाला विचारावं लागेल, तर ते देशाचं.

पण खरी गुंतागुंत आमच्या फिक्स्चरमध्ये, म्हणजे मशीनवर पार्ट पकडून ठेवायच्या साधनात, आहे. तो ब्रॅकेट पातळ भिंतींचा. नेहमीच्या व्हाइसमध्ये धरला की दबतो, सोडला की उसळतो आणि बोअर लंबगोल होतो. आमच्या टूलरूममधल्या काकांनी तीन आठवडे खपून त्याला आतून आधार देणारं फिक्स्चर बनवलं. पकडायची ती युक्ती, रफिंगनंतर (पहिल्या जाड कापानंतर) क्लँप ढिले करून पुन्हा हलके आवळायचा क्रम, हे सगळं आमचं. उद्या गाडीच्या पातळ पार्टला तीच युक्ती वापरायला मी मोकळा आहे आणि वापरतोही. पण ते फिक्स्चर उचलून उजेडात धरा. त्याच्या खाचा आणि आधारांचे उंचवटे म्हणजे त्या ब्रॅकेटचा साचाच आहे. जाणकार माणूस फिक्स्चर मोजून पार्ट काढेल. वस्तू माझ्या मालकीची, पण तिच्या अंगावर दुसऱ्याचं गुपित कोरलेलं. म्हणून युक्ती मी शिकवीन, पण ते फिक्स्चर कुणाला दाखवणार नाही. प्रदर्शनात स्टॉलवर ठेवायला ते फार देखणं होतं. काकांना वाईट वाटलं. मी तरीही ठेवलं नाही.

विधी आयोगालाही या दोन गोष्टी एका दावणीला बांधाव्याशा वाटल्या नाहीत. मार्च २०२४मधला त्यांचा २८९वा अहवाल व्यापारी गुपितं आणि आर्थिक हेरगिरी या दोन्हींवर आहे. व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा करा आणि आर्थिक हेरगिरी, ज्यात परकी सत्तेचा हात असतो, ती स्वतंत्र कायद्यात घाला, अशी त्यांची शिफारस आहे. शेजाऱ्याने माझा प्रोग्राम चोरला आणि परक्या देशाने चोरवला, यांत नुकसान सोसणाराच बदलतो.

माहिती अधिकाराच्या २००५च्या कायद्यातही आठव्या कलमात दोघांना वेगळे खण आहेत. पहिल्याच उपखंडात देशाची सुरक्षा, आणि पुढे वेगळ्या उपखंडात व्यापारी गुपितं. दोन्हींवर व्यापक जनहिताची मात्रा चालते, आणि आठव्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात १९२३च्या कायद्याचं नाव घेऊन तसं म्हटलं आहे.

हे सांगायचं कारण, दोन्ही गुपितांचा गैरवापरही होतो, आणि त्याबद्दल मला मनापासून चीड आहे. एका पुरवठादाराच्या हीट ट्रीटमेंटचा लॉट कडकपणात कमी भरला. भट्टीचा चार्ट मागितल्यावर तो म्हणाला, आमची प्रोसेस गोपनीय आहे. प्रोसेस गोपनीय असू शकते, पण तपासणाऱ्यासाठी नाही. लष्करी विमानांच्या कामात डीजीएक्यूएचा, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या विमान गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाचा, निरीक्षक असतो, ग्राहकाचा क्यूसी असतो. त्यांच्यापासून दोष लपवायला कोणतंही गुपित कामाला येत नाही. उलट देशाचं काम म्हणवून घेणाऱ्याचे चार्ट सगळ्यात आधी टेबलावर आले पाहिजेत. देशाच्या सुरक्षेचं नाव सांगून सदोष माल दडवणारा माणूस माझ्या लेखी फोटो पाठवणाऱ्यापेक्षा वाईट. फोटो अजाणतेपणी गेला होता. हा दोष माहीत असून झाकला होता.

निर्यात करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. कधीकधी वस्तू कुणाचंच गुपित नसते, तरी सुरक्षेचा प्रश्न असतो. १९८०च्या दशकात जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने सोव्हिएत संघाला पाणबुडीचे पंखे घडवणारी बहुअक्षीय मिलिंग मशीन विकली. त्यांचे कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारे संगणक, नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीचे. मशीन त्यांचंच, तंत्र त्यांचंच, धंद्याच्या हिशोबाने चोरी कुठेच नाही. पण निर्यातबंदी मोडली होती आणि १९८७ साली प्रकरण बाहेर आल्यावर अमेरिकी संसदेच्या आवारात तिथल्या खासदारांनी हातोड्यांनी तोशिबाचा रेडिओ फोडला. आपल्याकडे अशा दुहेरी, म्हणजे नागरी आणि लष्करी, वापराच्या वस्तूंची स्कोमेट नावाची यादी आहे. ती विदेश व्यापार महासंचालनालय राबवतं, आणि तिच्यात वस्तूंसोबत तंत्रज्ञानही येतं. म्हणजे ड्रॉइंग ईमेलने बाहेर गेलं तरी ती निर्यात. आपल्याच डिझाइनचा भाग परदेशी पाठवण्याआधी ती यादी एकदा वाचायला एक संध्याकाळ पुरते.

त्या फोटोचं पुढे काय झालं ते सांगतो. ग्रुपवरून तो काढायला लावला, पण काढलेला फोटो सत्तावीस फोनांतून गेलाच असं धरून चालता येत नाही. म्हणून त्याच दिवशी ग्राहकाला लेखी कळवलं: काय गेलं, किती वाजता, कुणाकुणाकडे. चार दिवस झोप लागली नाही. त्यांची माणसं येऊन बघून गेली, काम चालू राहिलं, पण अटी कडक झाल्या. आता त्या कामाची ड्रॉइंगं लाल फोल्डरमध्ये असतात, कुलूपबंद कपाटात. प्रिंट नंबर घालून दिली जाते आणि परत घेतली जाते. त्या मशीनपाशी फोन चालत नाही, माझाही नाही. क्यूसीच्या टेबलावर रोखलेला, मोबाइल ॲपवर दिसणारा कॅमेरा काढून टाकला, कारण त्याचं रेकॉर्डिंग कुठल्या देशातल्या सर्व्हरवर साठतं हे विक्रेत्याला सांगता आलं नाही.

आणि रिजेक्ट झालेले पीस. पूर्वी ते ॲल्युमिनियमच्या बुराद्यासोबत भंगारवाल्याच्या टेम्पोत जसेच्या तसे जायचे. भंगारात गेलेला पार्ट म्हणजे न छापलेलं ड्रॉइंगच, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते त्या सेटरच्याच ध्यानात आलं. आता दर शनिवारी तो बँडसॉवर प्रत्येक रिजेक्ट पीसचे तीन तुकडे करतो, पहिला काप बरोबर बोअरच्या मधून. तुकडे मोजतो, रजिस्टरमध्ये आकडा लिहितो, सही करतो आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवतो. तुकडे मी पुन्हा मोजतो, मगच सही करतो.