चोरून खाण्यावर उपवास हा उतारा नव्हे

‘रात्री भरमसाट खाल्ले असेल, तर दुसऱ्या दिवशी कडकडीत उपवास करावा’ हा घरोघरी मिळणारा सल्ला बहुधा उलटाच परिणाम करतो. दिवसभर पोट मारलेला माणूस सगळे निजल्यावर लाडवांचा डबा उघडतो, भूक भागल्यावरही त्याला थांबता येत नाही, आणि शरमेने तो रिकामा डबा फडताळात मागे सरकवतो. सकाळी पुन्हा उपवास.

१९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले, तेव्हा नंतर मुबलक अन्न मिळू लागल्यावरही त्यांच्यापैकी काहींना खाणे आवरेना. त्यांना हावरट कसे म्हणावे? अर्थात प्रत्येकाच्या अशा खाण्याचे मूळ उपासमारीतच नसते. ताण आणि एकटेपणाही असतो.

ताबा सुटून असे खाणे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने घडत राहिले आणि त्याचा मनस्ताप होत असेल, तर तो मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्याजोगा आजार असू शकतो. २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत त्याची स्वतंत्र नोंद आहे. वर्तनोपचारात सुरुवातीलाच जेवणाच्या वेळा बांधून घेतात: तीन जेवणे, मध्ये थोडे खाणे, आणि चार तासांहून मोठा खंड सहसा नाही. आदल्या रात्री कितीही खाल्ले असले, तरी सकाळचे पोहे चुकवायचे नाहीत.